नवजात शिशूच्या पचनमार्गातील रक्तस्राव : ओळख, उपचार आणि प्रतिबंध

तीन किलो वजनाच्या नवजात शिशूच्या शरीरात एकूण रक्त असते सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे पाणी पिण्याच्या एका पेल्याएवढे. पूर्ण दिवसांच्या बाळात किलोमागे ८० ते ८५ मिलिलिटर रक्त असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे प्रमाण ९० ते १०० मिलिलिटर धरले जाते. परंतु त्याचे वजनच किलोभर असल्यास साराच साठा अर्ध्या पेल्यापेक्षाही कमी भरतो. ६० मिलिलिटर, म्हणजे चहाचे बारा चमचे रक्त मोठ्या माणसाच्या अंगातून गेले तर त्याला ते जाणवणारही नाही. तीन किलोच्या बाळाच्या बाबतीत तेवढ्याने रक्ताचा चौथा हिस्सा संपतो. बाळाच्या उलटीत किंवा शौचात दिसणाऱ्या रक्ताचा विचार या मापाने करावा लागतो.

त्यात आणखी एक अडचण आहे. रक्त कमी होऊ लागले की शिशूचे शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करून आणि हृदयाची गती वाढवून रक्तदाब बराच काळ सांभाळून धरते. रक्तदाब घसरतो तो अगदी शेवटी. हिमोग्लोबिनचा पहिला अहवालही दिशाभूल करू शकतो, कारण उरलेले रक्त पातळ व्हायला काही तास लागतात आणि तोपर्यंत आकडा ठीकच दिसतो. म्हणून डॉक्टर आधी पाहतात ते बाळाचे हातपाय गार पडले आहेत का, त्वचा फिकट वा ठिपक्याठिपक्यांची दिसते का, छातीवर बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो का आणि शांत असतानाही हृदयाचे ठोके मिनिटाला १६०च्या बरेच वर आहेत का. दूध ओढेनासे झालेले, मलूल, नीट न रडणारे बाळ हे याच चित्राचे घरात दिसणारे रूप होय.

रक्त कोणाचे?

पहिल्या आठवड्यात दिसणारे प्रत्येक लाल-काळे रक्तच असते असे नाही. जन्मानंतरचे पहिले दोन दिवस बाळाला होणारी शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते. हा गर्भावस्थेत साठलेला मळ असून तो स्वाभाविक आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती हिरवट आणि मग पिवळी होत जाते. पिवळी झालेली शी पुन्हा काळी, चिकट आणि उग्र वासाची होऊ लागली तर मात्र तो वरच्या पचनमार्गातील रक्तस्राव असू शकतो. लंगोटावरचे विटकरी डाग बहुधा लघवीतील यूरेटच्या स्फटिकांचे असतात. बाळाला दूध कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. मुलीच्या लंगोटावर पहिल्या आठवड्यात योनीमार्गातून येणारा किंचित रक्तमिश्रित स्राव आईच्या संप्रेरकांचा परिणाम असतो आणि आपोआप थांबतो.

यानंतरचा संभव म्हणजे आईचे रक्त. प्रसूतीच्या वेळी बाळाने ते गिळलेले असते किंवा स्तनाग्रांना भेगा पडल्या असतील तर दुधाबरोबर ते पोटात जाते. बाळ टवटवीत आहे, दूध पीत आहे आणि उलटीत मात्र रक्त आहे, अशा वेळी हाच विचार प्रथम येतो. लिओनार्ड ॲप्ट आणि विल्यम डाउनी या अमेरिकी डॉक्टरांनी १९५५ मध्ये त्यासाठी एक साधी चाचणी मांडली. उलटीतील वा शौचातील रक्त पाण्यात मिसळून, वरचा स्वच्छ गुलाबी द्राव वेगळा काढून त्यात एक टक्का सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण घालायचे. प्रौढ हिमोग्लोबिन एक-दोन मिनिटांत पिवळट तपकिरी पडते, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन गुलाबीच राहते. फुटकळ खर्चात होणारी ही चाचणी आजही उपयोगी आहे. फक्त नमुना ताज्या लाल रक्ताचा हवा. काळ्या पडलेल्या शौचातील रक्ताचे आधीच रूपांतर झालेले असल्याने ते बाळाचे असूनही आईचे असल्यासारखा निष्कर्ष निघतो. रक्ताळलेले दुपटे किंवा लंगोट धुऊन न टाकता दवाखान्यात बरोबर न्यावे, असे सांगितले जाते ते यासाठीच.

जीवनसत्त्व के आणि दुसरा ते सातवा दिवस

एरवी निरोगी दिसणाऱ्या, पूर्ण दिवसांच्या बाळाला अचानक रक्ताची उलटी किंवा काळी-लाल शी झाली की बालरोगतज्ज्ञांच्या मनात पहिले नाव येते ते जीवनसत्त्व ‘के’च्या अभावाचे. १८९४ मध्ये बॉस्टनच्या चार्ल्स टाउनसेंड यांनी अशा ५० बाळांची नोंद प्रसिद्ध करून या आजाराला नवजातांचा रक्तस्रावी विकार असे नाव दिले. कारण तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे १९२९ मध्ये कोपनहेगन येथे हेन्रिक डॅम कोंबडीच्या पिलांना स्निग्धांशविरहित खाद्य देऊन प्रयोग करीत असताना पिलांना रक्तस्राव होऊ लागल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यातूनच रक्त गोठण्यास लागणाऱ्या या घटकाचा शोध लागला. डॅनिश आणि जर्मन भाषांत रक्त गोठण्याच्या शब्दाचे आद्याक्षर ‘के’ आहे, तेच या जीवनसत्त्वाला मिळाले. डॅम आणि त्याची रासायनिक रचना उलगडणारे एडवर्ड डॉइझी यांना १९४३चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

रक्त गोठवणारे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक यकृतात तयार होतात. मात्र जीवनसत्त्व के नसेल तर ते निकामी राहतात. नवजात शिशूकडे त्याचा साठा जवळजवळ नसतोच. वारेतून ते फारसे पुढे जात नाही. आतड्यात ते तयार करणारे जीवाणू अद्याप स्थिरावलेले नसतात. आईच्या दुधात ते लिटरमागे केवळ १ ते ४ मायक्रोग्रॅम असते, तर डब्याच्या दुधात सुमारे ५०. या आकड्यांवरून अंगावर पाजणे थांबवावे, असा अर्थ कोणी काढू नये; आईच्या दुधाचे इतर लाभ निर्विवाद आहेत आणि ही एक उणीव एका इंजेक्शनाने भरून निघते. बाळंतिणीने पालेभाज्या खाल्ल्याने मात्र ती पुरेशी भरून निघत नाही.

या आजाराची तीन रूपे मानली जातात. पहिल्या २४ तासांत दिसणारे रूप बहुधा गरोदरपणी अपस्माराची फेनिटॉइनसारखी, क्षयरोगाची रिफाम्पिसिनसारखी किंवा रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी औषधे चालू असलेल्या मातांच्या बाळांत आढळते. दुसऱ्या ते सातव्या दिवसांतील रूप सर्वांत परिचित असून त्यात पचनमार्ग, नाळ आणि सुई टोचलेल्या जागा यांतून रक्त येते. प्रतिबंधक मात्रा न दिल्यास शेकडा ०.२५ ते १.७ बाळांत ते दिसते, असे जुन्या अभ्यासांवरून मानले जाते. तिसरे रूप दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत केव्हाही, प्रामुख्याने केवळ अंगावर पिणाऱ्या आणि यकृताचा विकार असलेल्या बाळांत उद्भवते. ते विरळ असले तरी सर्वांत घातक, कारण निम्म्याहून अधिक बाळांत रक्तस्राव थेट मेंदूत होतो.

दुसऱ्या रूपाचे दिवस ध्यानात घेण्याजोगे आहेत. नैसर्गिक बाळंतपणानंतर साधारण ४८ तासांनी माता घरी परतते. म्हणजे धोक्याचा काळ येतो तो घरात, पाचवीच्या किंवा सटीच्या तयारीत, पाहुण्यांच्या वर्दळीत. शी काळी झाली तर ‘घुटीमुळे असेल’ असे म्हणून एक दिवस जातो. असा एक दिवस महागात पडू शकतो.

हिरवी उलटी आणि इतर कारणे

जीवनसत्त्व के दिलेले असूनही रक्तस्राव झाला तर कारणांची यादी लांबते. त्यांतील एक कारण तासांच्या हिशेबाचे आहे. आतडी पोटात नीट बसलेली नसली तर ती रक्तपुरवठ्याच्या दांड्याभोवती फिरून पीळ पडतो. याची पहिली खूण रक्त नसून हिरवी, पित्ताची उलटी ही असते. शौचातून रक्त येते ते आतडे मरू लागल्यावर. नवजात शिशूची हिरवी उलटी ही निराळे सिद्ध होईपर्यंत शस्त्रक्रियेची निकड मानावी, हा बालशल्यचिकित्सेतील पाया होय. बॉस्टनचे विल्यम लॅड यांनी १९३०च्या दशकात प्रचारात आणलेली शस्त्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने केली जाते. तीत पीळ सोडवून आतडी पुन्हा वळणार नाहीत अशा रीतीने मांडतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात पोट फुगणे, दूध न पचणे आणि शौचातून रक्त असे चित्र असेल तर आतड्याचा दाह होऊन त्याचा काही भाग कुजत असल्याची शंका घेतली जाते. क्ष-किरण चित्रात आतड्याच्या भिंतीत वायूचे बुडबुडे दिसले की निदान पक्के होते. अशा बाळाचे दूध थांबवून प्रतिजैविके सुरू करतात. आतडे फुटल्यास शस्त्रक्रिया अटळ. जन्मताना गुदमरलेल्या किंवा कृत्रिम श्वासावर असलेल्या बाळांच्या जठराला ताणामुळे व्रण पडतात, काही औषधांनीही पडतात आणि नळी घालताना इजा होऊनही रक्त येते. जंतुसंसर्ग रक्तात पसरून रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडणे हे गंभीर कारण आहे. प्लेटलेटची कमतरता, हिमोफिलिया, यकृताचे जन्मजात विकारही तपासावे लागतात. उलटपक्षी, घट्ट शीवरची लाल रेघ गुदद्वाराच्या चिरेची असू शकते, आणि काही आठवड्यांच्या हसत्याखेळत्या बाळाच्या शौचातील रक्ताचे धागे गाईच्या दुधातील प्रथिनांच्या अधिहर्षतेमुळे दिसू शकतात. मात्र हा निवाडा घरी करायचा नसतो.

रुग्णालयात काय केले जाते

तीव्र रक्तस्रावात निदानाची वाट पाहत उपचार थांबत नाहीत. दोन्ही बरोबर चालतात. श्वास आणि प्राणवायू सांभाळून बाळाला उबेत ठेवतात, कारण थंडीने रक्त गोठण्याची क्रिया आणखी मंदावते. शीर मिळवतात, हातापायाची शीर सापडत नसेल तर पहिल्या काही दिवसांत नाळेच्या शिरेतून बारीक नळी घालता येते, हा नवजात शिशूच्या बाबतीतला मोठा दिलासा. किलोमागे १० मिलिलिटर सलाइन देऊन प्रतिसाद पाहतात. सलाइन ही तात्पुरती सोय. गेलेल्या रक्ताची जागा रक्तच घेऊ शकते. म्हणून लगेच आईचे आणि बाळाचे नमुने जुळवणीसाठी रक्तपेढीकडे जातात. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळाच्या शरीरात फिरत असतात, त्यामुळे तिचा नमुना महत्त्वाचा. वेळ नसेल तर ओ निगेटिव्ह रक्त वापरतात. लाल पेशींची नेहमीची मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिलिटर. रक्तस्राव चालूच असल्यास ती पुन्हा द्यावी लागते.

तोंडाने दूध बंद करून जठरात नळी घालतात. तिच्यामुळे पोट मोकळे राहते आणि रक्त थांबले की चालू आहे हेही कळते. पूर्वी बर्फाच्या सलाइनने जठर धुण्याची पद्धत होती. तिने रक्तस्राव थांबत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही आणि बाळ मात्र गारठते, म्हणून ती मागे पडली.

जीवनसत्त्व के १ ते २ मिलिग्रॅम शिरेतून सावकाश दिले जाते. प्रतिबंधासाठी ते मांडीच्या स्नायूत देतात. परंतु रक्त न गोठणाऱ्या बाळाच्या स्नायूत सुई टोचल्यास तेथेच रक्ताची गाठ होते, हा फरक महत्त्वाचा. तपासणीचा नमुना आधी घेतात आणि अहवालाची वाट न पाहता औषध देतात. प्रोथ्रॉम्बिन काळ खूप लांबलेला, प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन मात्र ठीक, आणि औषधानंतर काही तासांतच तो काळ पूर्वपदाला आला तर निदानाला पुष्टी मिळते. रक्तस्राव जोराचा असेल तर तेवढेही थांबता येत नाही. मग किलोमागे १० ते २० मिलिलिटर गोठवलेला ताजा प्लाझ्मा देतात, कारण त्यात तयार घटक असतात.

आम्ल कमी करणारी औषधे जठरातील व्रणाच्या रक्तस्रावात वापरली जातात. सरसकट, सवयीने ती देण्याबद्दल मात्र आता सावधगिरी बाळगली जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत अशा औषधांचा संबंध जंतुसंसर्गाशी आणि आतडे कुजण्याच्या विकाराशी आढळला आहे. जठरातील आम्ल ही बाळाची एक संरक्षक भिंत आहे. प्लेटलेटबाबतही ‘अधिक तितके चांगले’ हा समज टिकलेला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका मोठ्या चाचणीत, मोठा रक्तस्राव चालू नसलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ५० हजारांच्या खाली प्लेटलेट उतरताच ती देण्यापेक्षा २५ हजारांपर्यंत थांबणे श्रेयस्कर ठरले. प्रत्यक्ष रक्तस्राव होत असलेल्या बाळाला मात्र हा नियम लागू होत नाही. तेथे मर्यादा वरचीच ठेवतात. दुर्बिणीच्या तपासणीची वेळ क्वचितच येते. कारण दूर झाले की नवजात शिशूच्या जठरातील बहुतेक रक्तस्राव औषधांनी थांबतात.

वाटेतला काळ

हे सर्व उपचार गावच्या दवाखान्यात होत नाहीत. त्यासाठी रक्तपेढी आणि नवजात अतिदक्षता विभाग लागतो. काणकोण किंवा सत्तरीतील कुटुंबासाठी ते बांबोळीचे गोमेकॉ असते, खानापूरकरांसाठी बेळगाव. त्यामुळे वाटेतला काळ हाही उपचाराचाच भाग होय. जवळच्या आरोग्य केंद्रात जीवनसत्त्व के आणि सलाइनची सोय असल्यास ते सुरू करून, पुढच्या रुग्णालयाला दूरध्वनीने कळवून मगच बाळाला हलवणे हिताचे असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवावी. बाळाला टोपी-मोजे घालून, आईच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या उघड्या छातीशी, वरून पांघरूण घेऊन न्यावे. रक्ताची किंवा हिरवी उलटी होत असेल तर वाटेत दूध, पाणी, मध, घुटी काहीही देऊ नये. शक्य असल्यास आईने बरोबर जावे. तिची प्रकृती तशी नसेल तर गरोदरपणी चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी आणि रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड तरी न्यावे.

जून २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी नवजात शिशूला सरकारी रुग्णालयात उपचार, तपासण्या, औषधे, रक्त आणि ने-आण मोफत आहे. आरंभी ही सोय ३० दिवसांच्या बाळापर्यंत होती, नंतर ती एक वर्षापर्यंत वाढवण्यात आली. जेथे आशा कार्यकर्त्या आहेत, तेथे रुग्णालयातील बाळंतपणानंतर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. पहिल्या दोन भेटी नेमक्या धोक्याच्या आठवड्यातल्या असल्याने शीच्या रंगाविषयीची शंका त्यांच्यापाशी बोलून दाखवावी. रक्त दिसले असेल तर मात्र भेटीच्या दिवसाची वाट पाहू नये.

एका मिलिग्रॅमचे इंजेक्शन

जन्मानंतर दिलेले जीवनसत्त्व केचे एक इंजेक्शन दुसऱ्या रूपाला जवळपास पूर्णपणे आणि तिसऱ्या रूपाला बहुतांशी रोखते. स्वीडनमध्ये १९४४ मध्ये यॉर्गेन लेमान यांनी १३ हजारांहून अधिक बाळांना ०.५ मिलिग्रॅम मात्रा देऊन रक्तस्रावाने होणारे मृत्यू पाचपटीने घटल्याचे दाखवले. १९५०च्या दशकात त्याचे एक कृत्रिम रूप भरमसाट मात्रेत दिले गेल्याने काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ झाली. तेव्हापासून के-१ हे नैसर्गिक रूप आणि अल्प मात्रा असा दंडक आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९६१ मध्ये सर्व नवजातांसाठी त्याची शिफारस केली. भारतात आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णालयात वा उपकेंद्रात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला एक मिलिग्रॅम आणि एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम मांडीत द्यावयाचा असतो. परिचारिकाही तो देऊ शकते. तोंडाने देण्याची पद्धत काही देशांत आहे, मात्र ती अनेकदा द्यावी लागते आणि उशिराच्या रक्तस्रावापासून तेवढे संरक्षण देत नाही.

या इंजेक्शनाविषयीचा संशय ब्रिटनमधून पसरला. १९९२च्या एका अभ्यासात त्याचा बालपणीच्या कर्करोगाशी संबंध असल्याचे सुचवले गेले. त्यानंतर स्वीडनमधील तेरा लाखांच्या आसपास बाळांच्या नोंदी आणि इतर देशांतील अभ्यास तपासले असता तसा संबंध आढळला नाही. तरीही शंका मागे राहिली. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात २०१३च्या फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात उशिराच्या रक्तस्रावाची चार बाळे एकाच रुग्णालयात आली. तिघांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, चौथ्याच्या पचनमार्गात. चौघांपैकी एकालाही जन्मानंतर जीवनसत्त्व के मिळालेले नव्हते. पालकांनीच ते नाकारले होते. त्यांच्या कारणांत कर्करोगाची ती जुनी भीतीही होती.

आपल्याकडे नकार देण्यापेक्षा राहून जाण्याचा संभव अधिक. वाटेत किंवा घरी झालेले बाळंतपण, जन्मताच दुसऱ्या रुग्णालयात हलवलेले बाळ, रात्रीच्या गर्दीतली प्रसूती अशा वेळी दोन्ही ठिकाणच्या मंडळींना ‘तिकडे दिले असेल’ असे वाटू शकते. हे इंजेक्शन बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बी या जन्मवेळच्या लसींपेक्षा वेगळे आहे. त्या मिळाल्या म्हणजे हेही मिळाले, असे होत नाही. घरी परतण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर त्याची स्वतंत्र नोंद, तारीख आणि मात्रा पाहून घ्यावी, नसेल तर विचारावे. राहून गेले असल्यास ते नंतरही देता येते. कान टोचणे किंवा सुंता करण्यापूर्वी हीच नोंद पुन्हा पाहावी. आणि दोन आठवडे उलटूनही डोळे पिवळे राहिलेल्या, पांढुरक्या रंगाची शी होणाऱ्या बाळाच्या नाकातून, नाळेतून वा सुईच्या जागेतून थोडेसेही रक्त आले, तर इंजेक्शन दिलेले असले तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. अशा बाळाचे यकृत जीवनसत्त्व के नीट वापरू शकत नसल्याची शक्यता असते.